कोणती कादंबरी, आणि ती तुम्ही कशी वाचलीत?

आवडत्या कादंबऱ्यांच्या याद्या आपण नेहमीच करतो. इथे थोडं वेगळं विचारते आहे: ती कादंबरी तुम्ही वाचलीत कशी? एका बैठकीत, पुरवून पुरवून, कुणाला मोठ्यानं वाचून दाखवत, की शेजारी नकाशा उघडून? प्रत्येक जातीची कादंबरी आपली चाल घेऊन येते असा माझा अनुभव आहे. ती चाल सापडली की रहस्यकथा हलकी आणि सामाजिक कादंबरी भारदस्त, ही प्रतवारी आपोआप गळून पडते.

सुरुवात माझ्यापासून. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' मी दर रविवारी थोडी थोडी वाचली. १८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि ही कादंबरी त्यातून क्रमशः आली. तिच्या पहिल्या वाचकांना पुढच्या अंकाची वाट बघावी लागे, म्हणून मीही बघितली. यमू आपली कहाणी स्वतःच सांगते. पुस्तक मिटलं तरी ती आठवडाभर घरात वावरत असायची. भाजी निवडताना तिच्या सासरचं कुणीतरी आठवून संताप यायचा. केशवपनाचा प्रसंग आला तोवर ती माझ्या इतकी ओळखीची झाली होती की मला त्या रविवारी पुढचं पान उलटता आलं नाही.

आता तुम्ही सांगा. प्रकार कुठलाही चालेल.

अमरावतीहून

उद्धव शेळक्यांची 'धग' मी आईला वाचून दाखवली. तिचे डोळे अधू झाले होते, आणि मला वाटलं, हे पुस्तक तिच्या कानावर पडलंच पाहिजे. १९६० ची कादंबरी. संवाद सगळे वऱ्हाडी. ते मनात वाचताना नुसते कळतात, मोठ्यानं वाचले की माणसं समोर येऊन बसतात. कौतिक बोलायला लागली की आई म्हणे, "हे त आपल्यातलीच हाय." संसार ओढणारी कौतिक, हातपाय गाळणारा महादेव, मजुरी आणि पोरांची चिंता. आई मधेच थांबवून स्वतःच्या मावशीचं काहीतरी सांगायची, मग पुन्हा वाचन. त्यामुळे पुस्तकाला दुप्पट वेळ लागला, आणि मला माझ्या आजोळाबद्दल आधी कधीच न ऐकलेलं बरंच काही कळलं. बोलीतली कादंबरी घरातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर वाचावी, असं मी आता सगळ्यांना सांगतो.

लातूरहून

वर 'धग'चं वाचून लिहिते. तशीच रा. रं. बोराड्यांची 'पाचोळा' घ्या. गावातल्या शिंप्याचं घर मोडत जातं, आणि ते सगळं त्याची बायको पार्वती आपल्या मराठवाडी बोलीत सांगते. लहानशी आहे. एका रात्रीत वाचा, तुकडे करू नका. तिचा श्वास तुटला की कादंबरी तुटते.

गिरगावातून, आता डोंबिवली

रहस्यकथांबद्दल कुणी लिहीलच म्हणून थांबलो होतो, पण आता मीच लिहितो. आमच्या लहानपणी भाड्यानं पुस्तकं देणारी लायब्ररी कोपऱ्याकोपऱ्यावर असायची. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार किंवा काळा पहाड या नायकाचं पुस्तक संध्याकाळी आणायचं आणि सकाळी परत करायचं, कारण दुसऱ्या दिवसाचं भाडं चढायचं. तेवढ्या वेळात पुस्तक संपायचंच. त्यांची पुस्तकं हजाराच्या वर आहेत! पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचा वकील अमर विश्वास आला.

ही पुस्तकं भरभर वाचून होत, ती लेखकाची कारागिरी होती. प्रकरण नेमकं कुठे तोडायचं, संवाद किती छोटे ठेवायचे, वर्णन कुठे टाळायचं, हे सगळं मोजूनमापून असतं. गिरणीतून दमून आलेले माझे काका रात्री दिव्याखाली हेच वाचत. शाळा चौथीत सुटलेला माणूस रोज शंभरएक पानं वाचत होता, याचं श्रेय त्या लेखकांना द्यायला हवं, आणि ते साहित्याच्या इतिहासात पुरेसं दिलं गेलेलं नाही असं मला ठामपणे वाटतं.

कोल्हापूरहून

भयकथा लिहिणारे नारायण धारप मी फक्त एसटीत वाचते. दिवसा, खिडकीपाशी, आजूबाजूला माणसं असताना. घरी नाही, कारण त्यांचं भय घरातच राहतं: भाड्यानं घेतलेली खोली, वारसानं आलेला वाडा, माळ्यावरची पेटी. भाषा थंड डोक्यानं लिहिलेली, आरडाओरडा नाही. माणूस नोकरीधंद्याचा, हिशोबी, आणि त्याच्या हिशोबात न बसणारी एक बारीकशी गोष्ट घडते. तिथून सुरू.

त्यांच्या लिखाणाचे मी दोन भाग करते. 'समर्थ' ही त्यांची वाईट शक्तींशी लढणारी व्यक्तिरेखा; ती असलेलं आणि ती नसलेलं. समर्थ आले की एक आधार असतो. वाईट शक्ती कितीही मोठी असली तरी तिला तोडीस तोड उत्तर आहे. ते नसतात तिथे कसलीच हमी नाही. 'लुचाई'त एकेक माणूस, एकेक घर करत गाव अंधाराकडे जातं आणि शेजारीपाजारी उशिरापर्यंत नेहमीचे व्यवहार करत राहतात. मला सगळ्यात जास्त भीती त्या नेहमीच्या व्यवहारांची वाटली.

पानिपतहून

मूळ नाशिकचा. नोकरीमुळे इथे आलो आणि सामानात विश्वास पाटलांची 'पानिपत' होती. १९८८ ची ही कादंबरी कॉलेजात वाचली होती, तेव्हा लढाईची पानं आधी शोधली होती. इथे नकाशा पसरून वाचली आणि माझ्यासाठी ती वेगळीच झाली.

शेवट काय होणार हे प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक असतं. १४ जानेवारी १७६१. त्यामुळे वाचताना प्रश्न उरतो तो अंतराचा आणि अन्नाचा. उदगीरची लढाई जिंकलेली मराठी फौज उन्हाळ्यात उत्तरेकडे निघते, ऑगस्टमध्ये दिल्ली हाती येते, मग कुंजपुरा. तोवर अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून फौज आणि दिल्ली यांच्या मधे येतो. नकाशावर हे एक बोटभर अंतर आहे. त्या बोटभर अंतरानं दक्षिणेकडची वाट आणि रसद तुटली. सोबत बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे, जनावरं. थंडी कसली असते हे इथे पौष महिन्यात सकाळी बाहेर पडलं की कळतं. समोरचा माणूस धुक्यात दिसत नाही. त्या थंडीत उपाशी फौज बाहेर पडली.

सुट्टीच्या दिवशी काला अंबच्या स्मारकाला जातो, पुस्तक बरोबर असतं. गावाकडून कुणी आलं की त्यांनाही नेतो, आणि लढाईच्या आधी त्यांना कुंजपुऱ्यापासूनचे महिने सांगतो. ऐतिहासिक कादंबरी आवडणाऱ्यांनी एवढं करून बघा: तारखांची चिठ्ठी आणि नकाशा जवळ ठेवा. भाऊसाहेबांचे निर्णय चूक की बरोबर यावर आपण फार लवकर बोलतो.

साताऱ्याहून, शाळेत शिकवते

जयंत नारळीकरांची 'वामन परत न आला' आम्ही वर्गात वाचतो. जमिनीखाली सापडलेल्या एका प्राचीन, प्रगत संस्कृतीच्या ठेव्यातून मिळालेल्या ज्ञानावर माणसं वामन नावाचा यंत्रमानव घडवतात. मी मधेच थांबते आणि विचारते, "तुम्ही असता तर तो बनवला असतात का?" मग तास त्यातच जातो. विज्ञानकादंबरी थांबून, वाद घालत वाचायची असते असं माझं मत झालं आहे. अलीकडे मुलं यंत्रांच्या बुद्धीबद्दल रोजच ऐकतात, त्यामुळे त्यांचे मुद्दे पूर्वीच्या वर्गांपेक्षा धारदार असतात. २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांचे फोन आले, आणि त्यांतल्या बहुतेकांना तो वादच आठवत होता.

जहाजावरून

इंजिन रूममध्ये काम करतो. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' मी समुद्रावर असताना वाचली, योगायोगानं. १९३९ ची. युरोपातून येणारी बोट, मुंबईला उतरणारा चक्रधर, जर्मनीतून परागंदा झालेली ज्यू हॅर्टा. प्रेमकथा म्हणून ती वाचली जाते, आणि आहेच. पण बोटीवर काम करणाऱ्याला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. जहाजावरची ओळख फार लवकर घट्ट होते, कारण बंदर आलं की ती तुटणार हे दोघांना माहीत असतं. बेडेकरांनी ती घाई अचूक पकडली आहे. भाषाही तशीच, एकही वाक्य रेंगाळत नाही. बंदराला लागेपर्यंत पुरवायचं ठरवलं होतं, दोन वॉचमध्ये, म्हणजे कामाच्या दोन पाळ्यांत, संपली.

फोंड्याहून

पु. शि. रेग्यांची 'सावित्री' ही पत्रांतून लिहिलेली कादंबरी, रोज रात्री एक पत्र. सगळी पत्रं सावित्रीचीच, उत्तरं आपल्याला दिसत नाहीत. ती दिवसभर मी मनात तयार करत असे.

नवी मुंबईहून

आमचं गाव कोयनेच्या धरणात गेलं. माझा जन्म त्यानंतरचा, वडिलांचं बालपण तिथलं. विश्वास पाटलांची 'झाडाझडती' मी आणली ती धरणग्रस्तांवरची गाजलेली कादंबरी म्हणून, पण आधी वाचली वडिलांनी, पेन्सिल हातात घेऊन. कादंबरीतल्या खैरमोडे गुरुजींच्या कज्जेखटल्यांच्या पानांशेजारी त्यांनी आमच्या घरचं लिहून ठेवलं आहे: किती जमीन गेली, बदली जमीन कुठे दाखवली, ती कुणाच्या ताब्यात निघाली, कुठल्या कागदासाठी किती हेलपाटे झाले. काही ठिकाणी नुसतं "असंच" एवढंच लिहिलंय.

त्यामुळे मी ही कादंबरी दोन आवाजांत वाचली, छापलेल्या आणि पेन्सिलीच्या. पेन्सिल आता पुसट व्हायला लागली आहे. वडिलांना शेजारी बसवून प्रत्येक नोंद वहीत उतरवून घेतो आहे. गट नंबर आणि सालं त्यांना अजून तोंडपाठ आहेत. निम्मं पुस्तक झालं आहे. आमच्यासारखी विस्थापित गावं ज्यांच्या घरात आहेत त्यांनीही म्हाताऱ्या माणसांना ही कादंबरी द्यावी, आणि सोबत पेन्सिल.