थंडीसाठी कॅम्पर व्हॅन: जाड भिंत हवी की कोरडी भिंत?

पत्र्यामागे (धागालेखक)

मालवाहू व्हॅन घेऊन तिच्यात कडाक्याच्या थंडीत राहण्याजोगी खोली उभी करायची ठरली, की चर्चा हमखास भिंतीच्या जाडीवर येऊन अडते. २५ मिलिमीटर पुरेल की ५० लागेल, फोम बरा की लोकर, एवढ्यावरच ती फिरत राहते. माझे मत असे आहे, आणि त्यावर वाद व्हावा म्हणूनच हा धागा काढतो आहे, की जाडीचा विचार नंतर करावा आणि आधी आत तयार होणाऱ्या वाफेची वाट लावावी. (वाट शब्दशः घ्यावी, म्हणजे बाहेर जाण्याचा रस्ता.)

दोन माणसे रात्रभर झोपली, तर त्यांच्या श्वासातून आणि त्वचेतून अर्धा लिटरहून अधिक पाणी हवेत मिसळते. उंच छपराच्या व्हॅनमध्ये साधारण १२ घनमीटर हवा मावते, आणि २० अंश सेल्सिअसला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे आतली सगळी हवा तुडुंब भरली तरी तिच्यात २०० ग्रॅमच पाणी राहील. उरलेले पाणी कुठेतरी बसणारच, आणि ते सर्वांत थंड पृष्ठभागावर बसते. घरात तो पृष्ठभाग खिडकीची काच असते आणि ती डोळ्यांसमोर असते. व्हॅनमध्ये मात्र काचेच्या जोडीला पॅनेलमागे दडलेला बाहेरचा पत्राही असतो. आत १८ अंश तापमान आणि ६० टक्के सापेक्ष आर्द्रता असेल, तर दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे पाणी होऊ लागते तो) १० अंशांच्या आसपास येतो. बाहेर पारा शून्याखाली गेलेला असताना पत्रा त्याच्या कितीतरी खाली असतो, हे वेगळे सांगायला नको.

माझ्या पहिल्या व्हॅनमध्ये मी पत्रा आणि प्लायवूड यांच्यामधल्या पोकळीत काचलोकर ठासली होती आणि तिच्यावर आतून प्लास्टिकचा कागद ताणून लावला होता. पहिल्याच कडक थंडीच्या रात्रीनंतर सकाळी पाहतो तो प्लायवूडवरच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर मोहरीएवढा बर्फाचा ठिपका! स्क्रू थेट पत्र्याला आतून आधार देणाऱ्या पोलादी बरगड्यांत गेलेले होते, त्यामुळे आतली ऊब बाहेर नेणारा एकेक पूलच मी हाताने ठोकून ठेवला होता. हिवाळा सरल्यावर मागच्या चाकाच्या कमानीवरचे पॅनेल उघडले, तेव्हा काचलोकरीचा खालचा वीतभर पट्टा पिळला तर पाणी गळेल इतका ओला निघाला. स्क्रूंच्या शेकडो छिद्रांतून वाफ आत शिरली होती, आणि प्लास्टिकमुळे तिला परत फिरता आले नव्हते. बाहेरचा पत्रा हाच मुळी एक परिपूर्ण बाष्परोधक असतो. त्याच्या आत दुसरा, अर्धवट बाष्परोधक लावणे म्हणजे ओलाव्यासाठी पिशवी शिवणे होय.

म्हणून आता माझी पद्धत अशी आहे: बंद पेशींचा (ज्यातून वाफ सहज आरपार जात नाही असा) फोम पत्र्याला पूर्ण चिकटलेला असावा, दोघांमध्ये हवेची पोकळी राहू नये, आतून प्लास्टिक नसावे, बरगडी आणि प्लाय यांच्यामध्ये पातळ फोमची पट्टी असावी, छपरातला पंखा रात्रभर मंद चालावा आणि जमिनीलगत बाहेरची हवा आत येण्यासाठी झडप असावी. जाता जाता, चकचकीत फुगेदार पन्नीबद्दल एक वाक्य: ती प्रारणाने जाणारी उष्णता परतवते, पण तिच्यापुढे हवेची फट असेल तरच, पत्रा आणि प्लाय यांच्यात दाबून बसवल्यावर तिचा उपयोग तिच्या चार-पाच मिलिमीटर जाडीएवढाच उरतो.

सुतारपक्षी

निदान मान्य आहे, औषध मान्य नाही. आपली काचलोकर ओली झाली म्हणून लोकर या प्रकारालाच हद्दपार करणे योग्य नव्हे. काचेचा तंतू पाणी शोषत नाही, त्यामुळे पाणी तंतूंच्या मधल्या हवेत साचते आणि खाली उतरते. मेंढीच्या लोकरीचा तंतू स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्क्यांपर्यंत ओलावा आत घेतो, तरीही हाताला कोरडा लागतो आणि हवा कोरडी झाली की तो ओलावा सोडून देतो. उष्णतारोधनातही फार फरक पडत नाही, कारण लोकरीची उष्णतावाहकता (जितकी कमी तितके बरे) ०.०३५ ते ०.०४ आणि फोमच्या पाटाची, म्हणजे ताठ तक्त्याची, ०.०३ च्या आसपास असते. थोडी जाडी वाढवली की हिशेब मिटतो.

दुसरे असे की व्हॅनच्या भिंतीला सरळ रेष माहीत नसते. सपाट पाट वक्र पत्र्यावर चिकटवताना कितीही काप घेतले, तरी मागे कुठेतरी बोटभर पोकळी राहतेच, आणि आपल्याच तर्काने ओलसर हवा नेमकी तिथे जाऊन बसते. लोकर मात्र बरगडीच्या पोटातही जाते. माझी व्हॅन तीन हिवाळे लोकरीवर आहे. दरवर्षी मी सरकत्या दाराचे पॅनेल काढून पाहतो, आणि आजवर पत्र्यावर गंजाचा डाग दिसलेला नाही.

गंजलेला बिजागर

लोकांच्या बिघडलेल्या व्हॅन उघडून पत्रा दुरुस्त करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे दोन्ही पक्षांची उतरलेली रूपे पाहिली आहेत.

फवारून फुगवलेला फोम कागदावर सर्वोत्तम आहे, कारण तो वक्र पत्र्यालाही फट न ठेवता चिकटतो. पण दाराच्या तळाशी आणि खालच्या कडेच्या पोकळ पट्टीत पाणी निथळण्यासाठी कारखान्यातच भोके ठेवलेली असतात, आणि फवारणाऱ्याच्या हौसेत ती बुजतात. मग खिडकीच्या रबरातून झिरपलेले पावसाचे पाणी त्या पट्टीत तळे करून बसते. गेल्या वर्षी आलेल्या एका व्हॅनची ही पट्टी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबली, तर टोक आरपार गेले. वरचा रंग मात्र नव्यासारखा चमकत होता. शिवाय एकाच वेळी जाड थर मारला, तर फोम घट्ट होताना तापतो आणि ताण देतो, आणि बाहेरचा पत्रा लाटेसारखा उठतो. तारा नळीतून न नेता तशाच फोममध्ये पुरल्या असतील, तर पुढे एक दिवा बदलण्यासाठी सुरीने खोदकाम करावे लागते.

लोकरीबद्दल सुतारपक्षी यांना एवढेच सांगतो की ३० टक्के ओलावा धरणे हे गोदाम झाले, मोरी नव्हे. आठवडा-दोन आठवडे तापमान शून्याच्या वर आलेच नाही, तर गोदाम रिकामे व्हायला संधी मिळत नाही आणि पत्र्याला टेकलेल्या थरात हिम धरते. आपली व्हॅन कोरडी राहिली यात लोकरीइतकाच आपल्या पंख्याचा वाटा असणार, असा माझा अंदाज आहे.

पत्र्यामागे

निथळणीच्या भोकांचा मुद्दा मी लिहायला हवा होता; तो पूर्णपणे मान्य. त्या पोकळ्यांत फोम न घालता गंजरोधक मेण फवारावे आणि भोके मोकळी ठेवावीत. वक्रतेचा आक्षेपही पाटापुरता खरा आहे, म्हणून भिंतींना मी पाट वापरत नाही. बंद पेशींचे लवचिक रबरी फोम गुंडाळीत मिळते, ते पत्रा घासून पुसून चिकटवले की वळणाबरोबर वळते. पाट मी फक्त फरशीखाली घालतो, जिथे वजन पेलायचे असते.

लोकरीवर मात्र मी माघार घेत नाही. ती वाफेला अडवत नाही, आणि वाफेला न अडवणारी वस्तू बर्फगार पत्र्याला टेकवून ठेवायची हेच मला पटत नाही.

उष्मांक

वाद रंगला आहे, पण आकडे मांडल्याशिवाय जाडीला दुय्यम म्हणणे किंवा न म्हणणे हे दोन्ही हवेतलेच. खिडक्या सोडून ३० चौरस मीटर पृष्ठभाग धरा, आत १८ अंश आणि बाहेर उणे १० अंश. नुसता पत्रा असेल, तर सुमारे ५,००० वॅट उष्णता सतत बाहेर जाते. २५ मिलिमीटर साधारण प्रतीचे इन्सुलेशन लावल्यावर हा आकडा ९५० च्या आसपास येतो आणि ५० मिलिमीटरला ५३० च्या आसपास. म्हणजे पहिल्या २५ मिलिमीटरने ४,००० वॅटहून अधिक वाचवले, तर दुसऱ्याने जेमतेम ४२०. बरगड्यांतून होणारी गळती यात धरलेली नाही. ती धरली तर दुसऱ्या थराचे यश आणखी फिके पडते.

आता खिडक्या पाहा. पुढची मोठी काच आणि दारांच्या काचा मिळून ३ चौरस मीटर एकेरी काच असेल, तर तिच्यातूनच जवळजवळ ५०० वॅट जातात, म्हणजे ५० मिलिमीटर भिंतीच्या सगळ्या व्हॅनमधून जातात तेवढेच. तेव्हा भिंतीत आणखी एक थर कोंबण्याऐवजी काचांवर कडेपर्यंत चापून बसणारी गुबगुबीत आवरणे शिवावीत आणि चालकाच्या जागेमागे जाड पडदा टाकावा. अंगावर येणाऱ्या गारव्यातला फरक लगेच जाणवतो.

धागालेखकांच्या बाजूने सर्वांत मोठा पुरावा मात्र वायुवीजनाचा आहे, आणि तो त्यांनीच मांडलेला नाही. उणे १० अंशांच्या हवेत दर घनमीटरला फार तर २ ग्रॅमच्या आसपास वाफ असते. आतल्या हवेत ९ ग्रॅम. दोन माणसांचा ओलावा बाहेर काढायला तासाला सुमारे १५ घनमीटर हवा बदलावी लागते, आणि ती हवा तापवण्याचा खर्च १५० वॅटच्या आत बसतो. छपराची खिडकी उघडली की सारी ऊब निघून जाते ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

चुलीशेजारी

एवढ्या बारकाव्यांची गरजच काय, असा माझा प्रश्न आहे. ५ किलोवॅटचा डिझेल हीटर बसवावा, रात्रभर चालू ठेवावा, आतली हवा कोरडी आणि भिंती उबदार राहतात. इन्सुलेशन थोडे कमी पडले तर थोडे इंधन जास्त जळेल, इतकेच. भिंतीत फोम गाडून पुढे गंज शोधत बसण्यापेक्षा ते बरे.

उष्मांक

इतकेच नाही. हवा तापवल्याने सापेक्ष आर्द्रता घटते, पण हवेतले पाणी तेवढेच राहते. ते पॅनेलमागे पोहोचले की पत्रा त्याला पुन्हा गाठतोच. शिवाय हजारभर वॅट लागणाऱ्या जागेत ५ किलोवॅटचा हीटर सतत मंद ज्योतीवर घुटमळतो, ज्वलनकक्षात काजळी धरतो आणि एखाद्या पहाटे पेटायला नकार देतो. उंचीवर हवा विरळ असल्यामुळे काजळी आणखी लवकर धरते. २ किलोवॅटचा हीटर खालच्या टप्प्यावर कमी आणि वरच्या टप्प्यावर जास्त वेळ राहतो, म्हणून तो स्वच्छ जळतो.

डिझेल हीटरची एक बाजू मात्र खरीच चांगली आहे. त्याचा ज्वलनकक्ष बंदिस्त असतो, ज्वलनाची हवा तो बाहेरून घेतो आणि धूर बाहेर सोडतो. उघड्या ज्योतीची गॅस शेगडी ऊब मिळवण्यासाठी पेटवणे याच्या नेमके उलट आहे, कारण १ किलो प्रोपेन जळताना सुमारे १.६ किलो पाणी वाफ होऊन आत येते, आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे तो वेगळाच. हीटर कोणताही असला, तरी त्या वायूचा गजर झोपण्याच्या जागेजवळ हवाच.

तळातली टाकी

भिंतींच्या वादात पाणी आणि बॅटरी राहून गेली. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, म्हणून टाकी आणि नळ्या फरशीच्या वर, उबदार भागात घ्याव्यात आणि सर्वांत खालच्या बिंदूला निचऱ्याचा नळ ठेवावा. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी शून्याखाली वीज देऊ शकते, पण त्या तापमानाला ती चार्ज केली तर कायमची खराब होते. तीही आतच ठेवावी. ब्युटेनची टाकी उणे अर्ध्या अंशाला वायू देणे थांबवते, प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत चालतो. गादीखाली सलग प्लाय न घालता फळ्यांच्या पट्ट्या घालाव्यात, नाहीतर गादीचा तळ रोज सकाळी ओला सापडेल.

सुतारपक्षी

पंख्याबद्दलचा टोमणा लागला आणि पटलाही, कारण माझा पंखा खरोखरच रात्रभर चालू असतो. पुढच्या बांधणीत छपराला चिकटवलेला फोम लावेन, कारण उबदार ओली हवा आधी वरच जाते. भिंतींना मात्र लोकरच. धागालेखकांना एक विनंती आहे: आपल्या नव्या व्हॅनचे चाकाच्या कमानीवरचे पॅनेल स्क्रूंऐवजी चापांवर बसवा, म्हणजे हिवाळा सरल्यावर आपण दोघेही आपापले पॅनेल उघडून इथे लिहू.

पत्र्यामागे

चाप आजच बसवतो. फक्त आपण सरकत्या दाराचे नव्हे, चाकाच्या कमानीवरचेच उघडा. दार दिवसातून दहा वेळा उघडते, ते कोरडे निघणारच.