मदत हवी आहे: समोरच्या मुलीला आठ मोजले, तरी आमचीच कशी हरली?

नमस्कार मंडळी. बॉक्सिंगमधलं कळणारं कुणी आहे का इथे?

लेक दहावीत आहे, दीड वर्ष बॉक्सिंग करतेय. गेल्या रविवारी जिल्हा स्पर्धेत तिची ज्युनियर गटातली लढत होती, दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या. ही लाल कोपऱ्यात. पहिली फेरी गेली हे मलाही दिसलं, बुजलीच होती. दुसऱ्या फेरीत तिचा उजवा असा काही बसला की निळ्या मुलीचे गुडघेच वाकले आणि रेफरीने तिच्यासमोर बोटं धरून आठपर्यंत आकडे मोजले. तिसरीही आमचीच वाटली. शेवटी हात वर झाला तो निळ्या मुलीचा, 3-2 ने.

आमचे हे रात्री जागून यूट्यूबवर व्यावसायिक लढती बघतात. त्यांचं म्हणणं, "पाडलं म्हणजे फेरी 10-8. आपण सरळ जिंकलोय, तक्रार अर्ज करू." लेक काहीच बोलत नाही. मला भांडण नकोय, आधी नियम समजून घ्यायचेत.

एक गोष्ट राहिली. तिसऱ्या फेरीत रेफरीने लढत थांबवली, लेकीचं मनगट धरलं, हवेत चापट मारल्यासारखं करून दाखवलं आणि मग एकेका जजकडे बोट केलं. ते काय होतं? आणि तिचा माउथगार्ड लाल म्हणून चालला नाही, ऐनवेळी मेडिकल आणि स्पोर्ट्सच्या दुकानांत धावाधाव झाली. लाल कोपरा, लाल माउथगार्ड, बिघडलं कुठे?

माजी पंच (ठोसा नव्हे)
ताई, तुमचं उत्तर त्या चापटीतच आहे. ती वॉर्निंग होती. ग्लव्हचा गुद्द्यांवरचा भाग लागला तरच ठोसा धरतात. मूठ उघडी राहून आतल्या बाजूने बसला तर ती चापट, म्हणजे फाउल. बहुतेक आधी एकदा समज दिली असेल. वॉर्निंग झाली की प्रत्येक जजच्या बेरजेतून एक गुण जातो आणि तिसऱ्या वॉर्निंगला खेळाडू बाद.

आता पाडण्याचं. हौशी बॉक्सिंगमध्ये समोरचा पडला किंवा त्याला आठ मोजले म्हणून वेगळा गुण नाही, तो एक चांगला ठोसा, एवढंच. फेरी जिंकणाऱ्याला 10, दुसऱ्याला सहसा 9. अगदीच एकतर्फी झाली तर 8. साहेब म्हणतात ते 10-8 व्यावसायिक लढतीतलं. तिथे पाडलं की बहुधा तेच होतं.

एखाद्या जजने तुमच्यासारखंच धरलं असं समजू. पहिली फेरी निळीला, पुढच्या दोन लेकीला. बेरीज 29-28. वॉर्निंगचा एक वजा, 28-28. व्यावसायिक लढतीत त्या जजचं कार्ड बरोबरीतच राहिलं असतं. आपल्याकडे जजला कुणीतरी एक निवडावाच लागतो. पाचातल्या तिघांनी निळी निवडली असणार. अर्जाने काही होईल असं मला वाटत नाही.

वरणभात
टोकियो ऑलिंपिक आठवा. 29 जुलै 2021, 51 किलो, मेरी कोम विरुद्ध कोलंबियाची इनग्रिट व्हॅलेन्सिया. पहिली फेरी 4-1 ने इनग्रिटची, पुढच्या दोन्ही 3-2 ने मेरीच्या. तरी निकाल 3-2 इनग्रिटकडे! कारण फेऱ्या मोजत नाहीत, प्रत्येक जजची तिन्ही फेऱ्यांची बेरीज वेगळी होते आणि किती जज कुणाकडे, ते बघतात. त्या दिवशी आमच्या ऑफिसात निम्मे लोक भांडत होते.

माजी पंच (ठोसा नव्हे)
बरोबर. आणि ही पद्धतही जुन्या रागातूनच आली. 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरला अंतिम फेरीत 3-2 ने हरवलं, तो निकाल आजही कुणाला पटत नाही. मग 1992 पासून जज ठोसा दिसला की यंत्राची बटणं दाबू लागले. त्याने खेळाडू टिचक्या मारून पळायला शिकले. 2013 मध्ये दहा गुणांची पद्धत आली.

माउथगार्ड लाल असेल तर तोंडातलं रक्त कसं दिसणार? म्हणून लाल चालत नाही.

नाक्यावरचा
काकू, साहेबांना सांगा, तो खेळ आणि हा खेळ चुलत भाऊ आहेत. तिकडे तीन जज, पुरुषांच्या विजेतेपदाच्या लढती तीन-तीन मिनिटांच्या बारा फेऱ्यांच्या, बायकांच्या सहसा दोन-दोन मिनिटांच्या दहा. हेडगार्ड नाही, बनियन नाही. पूर्वी पंधरा फेऱ्या असायच्या. 1982 मध्ये लास वेगासला कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांत गेला, त्यानंतर बाराच ठेवल्या. हौशी पुरुषांचं हेडगार्डही 2013 मध्ये गेलं, पण मुलामुलींचं आहे. तिचं काढू नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. काल जेवताना लेकीला विचारलं, मूठ उघडी राहते का गं? भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "उजवा लांबून मारला की राहते. सर दोन महिने तेच सांगतायत." मग मला का नाही सांगितलंस, तर म्हणे, "तू विचारलंसच कुठे? बाबांचं 10-8 चालू होतं."

अर्ज लिहून तयार होता. आता तो यांच्याच हाताने फाडून घ्यायचाय, ती लढत बाकी आहे.