बॉस्टनच्या बॉयल्स्टन स्टेशनला लिफ्ट खरंच हवी का?

कॉमनकाठचा: माझं मत सरळ आहे, बॉयल्स्टनला हात लावू नका. अमेरिकेतला पहिला सबवे, म्हणजे भुयारी रेल्वे, १ सप्टेंबर १८९७ ला सुरू झाला त्यातलं हे स्टेशन, शेजारचं पार्क स्ट्रीट स्टेशन बदलून बदलून पार ओळखू येईना झालंय पण इथे अजून वर प्रवेशाच्या त्या ग्रॅनाइटच्या खोल्या, खाली लोखंडी खांब आणि वळणावर किंचाळणारी चाकं, सगळं जुनं वाटतं. लिफ्ट पार्क स्ट्रीटला आहेच की, पाच मिनिटं चालायचं.

झणझणीत_मिसळ: पाच मिनिटं कुणाची दादा? फेब्रुवारीत आईला वॉकरसकट पार्क स्ट्रीटपासून बॉयल्स्टनजवळच्या कलोनियल थिएटरला नेलं, फुटपाथच्या उतारावरच प्लाऊवाल्याने लोटलेला बर्फ, दगडासारखा घट्ट. शेवटी दोघांनी तिला उचलून पलीकडे ठेवलं आणि ती म्हणते, "मला कशाला आणलंत रे."

ताई_इंजिनियर: भावना बाजूला ठेवा, अडचण वेगळी आहे. तिथे दोन बाजूंचे फलाट आतून जोडलेलेच नाहीत, चुकीच्या बाजूने उतरलात तर वर येऊन दुसऱ्या दाराने परत खाली जा. म्हणजे लिफ्ट दोन लागणार, खोदाई दुप्पट, तीही जुन्या दफनभूमीला लागून!

कॉमनकाठचा: तेच म्हणतोय, १८९५ ला खोदताना ९०० च्या वर लोकांचे अवशेष निघाले होते तिथे. परत उकरायचं?

झणझणीत_मिसळ: वा रे वा. एवढे सांगाडे निघाले तरी ज्यांनी काम थांबवलं नाही, अवशेष पुन्हा पुरले आणि बोगदा पुरा केला, त्यांचं स्टेशन आता देवघर झालं का? आणि बॉयल्स्टनसकट हा जुना सबवे १९६४ ला राष्ट्रीय स्मारक ठरला, त्यात पार्क स्ट्रीट पण येतं, तिथे लिफ्ट बसलीच ना.

ताई_इंजिनियर: हो, आणि १९९० च्या अपंगत्व कायद्यातली वारसा वास्तूंची सूट म्हणजे सरसकट माफी नव्हे, बदलाने वास्तूचं महत्त्व धोक्यात येत असेल तरच ती मिळते. प्रत्येक फलाटाच्या टोकाला लिफ्टचा एक शाफ्ट उतरवला तर खांब कुठे जातात?

कॉमनकाठचा: खांब राहतील हो, पण वर काचेची पेटी उभी करतील, त्या ग्रॅनाइटशेजारी कशी दिसेल ती? डिझाइन आधी दाखवा, मग बोलू.

झणझणीत_मिसळ: काचेची, दगडाची, पत्र्याची, कसलीही चालेल. आउटबाउंडची, म्हणजे शहराबाहेर जाणाऱ्या गाड्यांच्या बाजूची, आधी करा, थिएटरवाले तिथेच उतरतात.