हिरवाईचा हिशेब आणि वाढलेले भाव
उद्याने व नदीकाठ यांवरचा खर्च निव्वळ सुशोभीकरणाचा असतो, हे नेहमी मांडले जाणारे मत मला पटत नाही. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये चोंग्येचॉन ओढ्यावरचा उन्नत महामार्ग पाडून २००५ साली सुमारे ५.८ किलोमीटरचा प्रवाह पुन्हा खुला करण्यात आला, तेव्हा काठावरची उन्हाळ्यातली हवा लगतच्या रस्त्यांपेक्षा काही अंशांनी थंड राहू लागली आणि भोवतालच्या जमिनीचे भावही वाढले. मात्र प्रकल्पाची झळ तिथल्या छोट्या विक्रेत्यांना बसली, आणि मला हीच बाब सर्वांत गंभीर वाटते. गारव्याचा लाभ कोणाच्याच ताळेबंदात दिसत नाही. वाढीव भाव मात्र थेट जमीनमालकाच्या पदरात पडतो. म्हणून त्या वाढीतला काही हिस्सा करातून वसूल करून अशा विस्थापित विक्रेत्यांसाठी राखण्याची तरतूद मूळ आराखड्यातच असायला हवी.