पेपर मागे घ्यायचाय, जर्नल पाच हजार मागतंय. काय करू?

गाजरगवत:
नमस्कार. मी वनस्पतीशास्त्रात पीएचडी करतेय. गाजरगवताच्या पानांच्या अर्काने ज्वारीची उगवण किती घटते, यावरचा माझा पेपर गाईड सरांनी परस्पर एका 'आंतरराष्ट्रीय' जर्नलला पाठवला. सोमवारी पाठवला, बुधवारी स्वीकारपत्र हजर! परीक्षकाचा शेरा एका शब्दाचा: 'एक्सलंट'. सोबत १८०० रुपयांचा क्यूआर कोड. मी पैसे भरले नाहीत, कॉपीराइट फॉर्मवर सही केली नाही, तरी पेपर त्यांच्या साइटवर चढलाय. तोही असा, की तक्ता २ मध्ये उगवण ६४ च्या जागी १६४ टक्के छापलीय. काढून टाका म्हटलं तर 'विड्रॉवल फी' म्हणून पाच हजार मागतात. त्यात लेखक म्हणून दुसरं नाव आमच्या प्राचार्यांचं. त्यांनी आमची एक पेट्रीडिशसुद्धा पाहिलेली नाही. हाच पेपर चांगल्या जर्नलला पाठवला तर दुहेरी प्रकाशनाचा ठपका येईल का?

प्रमोशनग्रस्त:
ताई, १८०० भरा आणि मोकळ्या व्हा. कॅसच्या, म्हणजे प्राध्यापकांच्या बढतीच्या, फाइलला आयएसएसएन नंबर असला की झालं, आत काय छापलंय ते कोण उघडून बघतंय? आणि प्राचार्यांशी वाकड्यात शिरून व्हायवा लटकवून घेऊ नका.

निवृत्त संपादक:
प्रमोशनग्रस्त सर, आयएसएसएन ही नियतकालिकाची नुसती नोंद आहे, दर्जाशी तिचा संबंध नाही. आणि उघडून बघतात हो. २०१८ च्या मे महिन्यात विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४३०५ जर्नलं एका फटक्यात काढली, तेव्हा कितीतरी जणांच्या फायली अडकल्या.

आता मॅडम, तुमच्याकडे येतो. मी बरीच वर्षं एका विज्ञान त्रैमासिकाचं बिनपगारी संपादन केलं. उगवणीचा पेपर आला की परीक्षक पहिल्यांदा विचारायचा: नुसत्या पाण्यातल्या बियांची उगवण किती? अर्क किती टक्क्यांचा? प्रयोग किती वेळा केला? यावर लेखक वैतागायचे, मग दुरुस्ती पाठवायचे. बुधवारी 'एक्सलंट' आलं याचा अर्थ पेपर कुणी वाचलाच नाही. वाचला असता तर शंभर बियांतून १६४ मोड कसे आले, हे शेंबड्या पोरानेही विचारलं असतं. हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स'साठी दगडफुलातल्या रेणूने कर्करोग बरा होतो असा ढोबळ चुकांनी भरलेला बनावट पेपर ३०४ जर्नलांना पाठवला होता. १५७ जणांनी स्वीकारला.

पाच हजार अजिबात देऊ नका. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क हस्तांतरित व्हायला लेखी करार आणि सही लागते. फक्त गाईड सरांनी तुमच्या वतीने सही ठोकलेली नाही ना, ते आधी विचारून घ्या. नसेल तर साधा ईमेल करा: मी संमती दिलेली नाही, करार नाही, मजकूर काढा, तक्ता २ चुकीचा आहे. तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा. ते बहुधा उत्तर देणार नाहीत. धमकी आलीच तर घाबरू नका, तीही जपून ठेवा.

दुहेरी प्रकाशनाचं म्हणाल, तर गपचूप पाठवलंत तर ठपका येईल. नव्या संपादकाला कव्हर लेटरमध्ये सगळं सांगा, लिंक द्या, ईमेल जोडा. काही जण नकार देतील, तो त्यांचा हक्क आहे, कारण एकच निष्कर्ष दोनदा मोजला गेला तर पुढे आढावा घेणारा फसतो. पण लपवलंत आणि साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने पकडलं, तर तुमचं कुणी ऐकूनही घेणार नाही.

ग्रंथालयातला माणूस:
एक भर. पुणे विद्यापीठातून चालणारी यूजीसीची मान्य जर्नलांची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तरी 'केअर लिस्टेड' अशी पाटी लावून धंदा चालूच आहे. पुढचं जर्नल स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत आहे का, हे स्कोपसच्या साइटवर बघा, जर्नलच्या नको. चांगल्या जर्नलांच्या हुबेहूब नकली साइट्सही असतात.

गाजरगवत:
खूप आभार. सही कुणीच केलेली नाही, सरांना विचारलं. पण प्राचार्यांचं नाव कसं काढू? सर म्हणतात, "राहू दे, तुझं काय जातंय?"

निवृत्त संपादक:
तुमचं काय जातंय ते सोडा, प्राचार्यांचं काय जातंय ते सांगा. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या समितीने, म्हणजे आयसीएमजेईने, लेखक कुणाला म्हणायचं याच्या चार अटी घातल्यात. कामात भरीव वाटा, लिखाणात किंवा त्याच्या दुरुस्तीत हात, अंतिम मसुद्याला मान्यता, आणि छापल्यावर प्रत्येक आकड्याची जबाबदारी. चारही लागतात. बाकीच्यांची जागा आभारात. तेव्हा प्राचार्यांकडे १६४ टक्क्यांचा तक्ता घेऊन जा आणि नम्रपणे विचारा, "सर, यावर कुणी खुलासा मागितला तर आपण द्याल ना?" माझ्या अनुभवात एवढ्यावर माणसं स्वतःहून आभारात जायला तयार होतात. आणि २०२२ च्या यूजीसी नियमांत पीएचडीसाठी पेपरची सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची काही अट ठेवलीय का ते बघा. नसेल तर प्रबंध आधी जमा करा, पेपर नंतर सावकाश पाठवा.

प्रमोशनग्रस्त:
संपादक साहेब, कॅसच्या फायलीतले माझे दोन पेपर तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतोय. जरा बघा हो.