मदत हवी आहे: अमेरिकेतल्या सीडीएफआय संस्थांच्या कर्जांचा डेटा एकत्र कसा करावा?

नमस्कार मंडळी,

आमची ना-नफा संशोधन संस्था अमेरिकेतल्या चार सीडीएफआय (कम्युनिटी डेव्हलपमेंट फायनान्शियल इन्स्टिट्यूशन, म्हणजे स्थानिक विकासासाठी कर्ज देणाऱ्या संस्था) कर्जनिधींसाठी एकत्रित अभ्यास करते आहे. बँका सहसा जिथे कर्ज देत नाहीत अशा वस्त्यांमध्ये हे निधी छोट्या व्यवसायांना कर्ज देतात. ते स्वतः ठेवी घेत नाहीत. आमच्याकडे २०१५ ते २०२३ ची कर्जं आहेत. प्रश्न दोन: ही कर्जं खरोखर बँकांनी टाळलेल्या भागांत पोचतात का, आणि त्यातली किती बुडतात?

अडचणी अशा:
१. चौघांच्या एक्सेल फाइल चार तऱ्हेच्या. पत्त्यांवरून सेन्सस ट्रॅक्ट (जनगणनेसाठी आखलेला छोटा भाग) कसा काढायचा?
२. एक निधी बुडीत २ टक्के सांगतो, दुसरा ९. दोघांची व्याख्याच वेगळी दिसते.
३. तुलनेसाठी बँकांचा कुठला डेटा घ्यावा?
४. कर्जदार ओळखू येणार नाही असा अहवाल कसा छापायचा?

आर (आकडेवारीची संगणक भाषा) वापरता येतं. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी कृपया सविस्तर सांगावं.

नकाशावाला

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. सेन्सस ब्युरोचा जिओकोडर (पत्त्यावरून नकाशावरची जागा शोधणारं साधन) फुकट आहे आणि एका फाइलमध्ये १०,००० पत्ते घेतो. रकाने याच क्रमाने: क्रमांक, रस्ता, शहर, राज्य, झिप. शीर्षकाची ओळ ठेवू नका. क्रमांक तुम्हीच नवा तयार करा, निधीचा कर्ज क्रमांक तिथे पाठवू नका. छोट्या व्यवसायाचा पत्ता पुष्कळदा मालकाच्या घराचाच असतो, म्हणून पत्ते बाहेर पाठवायची मुभा करारात आहे का, हे आधी बघा.

गाळा नंबर, मजला वगैरे वेगळ्या रकान्यात काढून टाका. पोस्ट बॉक्सचे पत्ते जुळणारच नाहीत. 'टाय' (एका पत्त्याला एकाहून जास्त जागा जुळल्या) असा निकाल आला तर हाताने तपासा. फक्त झिप असलेली कर्जं वेगळी ठेवा. झिपवरून एकच ट्रॅक्ट ठरवणं चूक आहे, कारण एका झिपमध्ये अनेक ट्रॅक्ट येतात.

ट्रॅक्टचा संकेतांक ११ अंकी असतो: राज्याचे २, काउंटीचे ३, ट्रॅक्टचे ६. एक्सेल पुढचं शून्य खातं. लॉस एंजेलिस काउंटीचं ०६०३७ असं सुरू व्हायला हवं, ते ६०३७ होतं आणि जोडणी करताना कॅलिफोर्नियाची सगळी कर्जं गुपचूप गळतात. अलाबामा (०१) आणि कनेटिकट (०९) यांचंही तेच. आरमध्ये फाइल वाचताना सगळे रकाने मजकूर म्हणूनच घ्या आणि जोडणीनंतर किती ओळी जुळल्या नाहीत ते राज्यवार मोजा.

प्रत्येक कर्जाला दोन संकेतांक द्या, २०१० च्या जनगणनेतल्या सीमांचा आणि २०२० च्या. अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेचे २०१६–२०२० पासूनचे पंचवार्षिक आकडे २०२० च्या ट्रॅक्टवर आहेत, त्याआधीचे २०१० च्या. कर्ज दिलं तेव्हा तो ट्रॅक्ट गुंतवणूक क्षेत्रात (सीडीएफआयसाठी सरकारने ठरवलेल्या गरजू भागांत) होता का, हे त्या वेळी लागू असलेल्या यादीवरूनच ठरवायचं. शिवाय कनेटिकटच्या ८ काउंटींऐवजी सेन्ससने २०२२ मध्ये ९ नियोजन विभाग धरले, त्यामुळे तिथल्या संकेतांकातला काउंटीचा भागच बदलला.

आणखी एक. गुंतवणूक क्षेत्र ठरवताना गरिबीचं प्रमाण निदान २० टक्के हा एक निकष आहे, पण ट्रॅक्टच्या पातळीवर सर्व्हेचा आकडा डगमगता असतो. २१ टक्के अधिक-उणे ७ असं छापलेलं असेल तर ते ७ म्हणजे ९० टक्के विश्वासपातळीची मर्यादा. १.६४५ ने भागलं की प्रमाण त्रुटी सुमारे ४.३ निघते. म्हणजे हा ट्रॅक्ट रेषेच्या नक्की कुठल्या बाजूला आहे, हे छातीठोक सांगता येत नाही. निकाल लिहिताना रेषेजवळचे ट्रॅक्ट वेगळे दाखवा.

हप्तेबंद

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. २ आणि ९ ची तुलना आत्ता करूच नका.

दोन्ही आकडे बहुधा 'आजची थकबाकी भागिले आजचं एकूण येणं' असे असतील, तेही एकाचे ९० दिवसांवर आणि दुसऱ्याचे ३० दिवसांवर. पण व्याख्या सारखी केली तरी हा भागाकार फसवा राहतो. समजा एका निधीचं येणं १ कोटी डॉलर आहे आणि त्यात ४ लाख ९० दिवसांपलीकडे थकलेत, म्हणजे ४ टक्के. पुढच्या वर्षी येणं १ कोटी ६० लाख झालं आणि थकलेले ५ लाख ६० हजार. दर उतरून ३.५ वर आला, पण बिघडलेली रक्कम ४० टक्क्यांनी वाढली! नवी कर्जं थकायला वेळ लागतो, त्यामुळे झपाट्याने वाढणारा निधी नेहमी निरोगी दिसतो.

म्हणून कर्जं वाटपाच्या वर्षानुसार तुकड्यांत पाडा. प्रत्येक तुकडीचं १२, २४ आणि ३६ महिन्यांपर्यंत राइट-ऑफ झालेलं (बुडालं म्हणून खात्यातून काढलेलं) मुद्दल काढा आणि भागा मूळ वाटलेल्या रकमेने. ज्या तुकडीला ३६ महिने झालेच नाहीत तिचा तक्त्यातला चौकोन रिकामा ठेवा. तिथे शून्य लिहिलं की सरासरी खोटी पडते.

यासाठी निधींकडून तीन फाइल मागा: प्रत्येक कर्जाची एक ओळ, दरमहाची शिल्लक आणि थकीत दिवस, आणि बदलांची नोंद (पुनर्रचना, मुदतवाढ, राइट-ऑफ, नंतरची वसुली). तिसरी फाइल द्यायला लोक कंटाळतात, पण ती सोडू नका. पुनर्रचना झाली की थकीत दिवस पुन्हा शून्यावर येतात आणि आजारी कर्ज धडधाकट दिसू लागतं.

२०२०–२१ (कोविडचा काळ) जपून. हप्ते स्थगित असलेली कर्जं 'चालू' दिसतील, त्यांना वेगळी खूण हवी. पीपीपी (कोविडमध्ये छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी योजना) कर्जं बुडीताच्या हिशेबातून पूर्ण बाहेर काढा. त्यांना सरकारची १०० टक्के हमी होती आणि बरीचशी माफ झाली. फाइलमध्ये ती 'फेडली' म्हणून येतात, छेद फुगतो आणि दर कोसळतो. १ टक्का व्याज आणि २ किंवा ५ वर्षं मुदत यावरून ती ओळखू येतात.

मुदतीआधी फेडलेल्या कर्जांचं काय, हेही ठरवा. ती पुढे बुडूच शकत नाहीत. त्यांना 'माहिती संपली' असं धरून साधी कॅप्लन-मायर आकृती (काळानुसार किती कर्जं टिकली ते दाखवणारी) काढलीत तर बुडीत फुगून दिसतं. फेडलं आणि बुडालं हे दोन्ही शेवट वेगळे धरणारी पद्धत वापरा.

धागाकर्ती

फारच उपयोगी, आभार! एक शंका. एक निधी राइट-ऑफ फक्त वर्षअखेरीस नोंदवतो. मग महिन्यांचा हिशेब कसा लावू?

हप्तेबंद

राइट-ऑफची तारीख हा हिशेबनिसाचा निर्णय आहे, कर्ज बिघडलं ती तारीख नव्हे. बिघाडाची व्याख्या तुम्हीच करा: कर्ज पहिल्यांदा ९० दिवस थकलं तो महिना. तो दरमहाच्या फाइलमधून निघतो आणि चौघांना सारखा लागू होतो. अशा निधीचा तोटा मात्र वर्षाच्या पातळीवरच दाखवा, वसुली वजा करून आणि न करता, दोन्ही.

छेदअंश

तिसऱ्याबद्दल. गृहकर्जांचा एचएमडीए डेटा तुमच्या कामाचा नाही. १९७७ च्या कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट कायद्याखालचा छोट्या व्यवसायांच्या कर्जांचा डेटा घ्या. एफएफआयईसी (बँकांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थांची समिती) तो ट्रॅक्टवार एकत्रित स्वरूपात देते. मर्यादा लक्षात ठेवा: त्यात मोठ्याच बँका येतात, १० लाख डॉलरपर्यंतचीच कर्जं येतात, आणि व्यवसायाच्या क्रेडिट कार्डांची मर्यादाही कर्ज म्हणून मोजली जाते. त्यामुळे कर्जांची संख्या भरमसाट आणि सरासरी रक्कम छोटी दिसते. एक लाख डॉलरपर्यंतचा गट वेगळा करून बघा. नाकारलेले अर्ज त्यात नाहीत, तेव्हा 'बँकांनी नाकारलं' असं वाक्य या डेटावरून लिहिता येणार नाही. 'निधींच्या रकमेपैकी इतका हिस्सा गरीब ट्रॅक्टमध्ये, बँकांच्या रकमेपैकी इतका' एवढंच म्हणता येईल, आणि तेवढं पुरेसं बोलकं असतं.

कुलूपकिल्ली

चौथा: १० पेक्षा कमी कर्जांचा चौकोन झाका. पण एकच झाकला तर बेरजेतून वजाबाकी करून तो उघड होतो, म्हणून त्याच ओळीतला आणि त्याच स्तंभातला आणखी एकेक झाका, आणि या दोघांच्या स्तंभ-ओळीच्या छेदावरचा चौथाही, नाहीतर तेच दोन वजाबाकीने उघडतात. संख्या पुरेशी असूनही एका कर्जाची रक्कम एकूण रकमेच्या बहुतांश असेल तर ती रक्कमही छापू नका. ग्रामीण ट्रॅक्टच्या नकाशावर एकुलता ठिपका म्हणजे कर्जदाराचं नावच सांगण्यासारखं आहे. करारात डेटा कधी नष्ट करायचा ते लिहा. हेही लिहा की मसुद्यातल्या चुका निधी दुरुस्त करू शकतील, निष्कर्ष अडवू शकणार नाहीत. चारही निधी कबूल असताना, म्हणजे निकाल दिसण्याआधीच, सही घ्या.

नकाशावाला

एक राहिलं. दोन निधी मिळून एकच कर्ज देतात, तेव्हा कधीकधी दोघेही पूर्ण रक्कम आपापल्या फाइलमध्ये लिहितात. ट्रॅक्ट, वाटपाचा महिना, व्यवसायाचा प्रकार आणि रक्कम जुळवून जोड्या शोधा, आणि सगळ्यांकडून 'मूळ कर्ज' आणि 'आमचा हिस्सा' असे दोन रकाने मागवा. पोच मोजताना ते कर्ज एकदाच मोजायचं, तोटा मोजताना ज्याचा त्याचा हिस्सा धरायचा.