मिडवेची ती 'पाच मिनिटं': जपानी डेकवर विमानं खरंच तयार उभी होती का?

पाणकोंबडा (मूळ प्रश्न)

४ जून १९४२, पॅसिफिकमधल्या मिडवे बेटाजवळची जपान-अमेरिका लढाई. जिथे पाहावं तिथे हेच वर्णन सापडतं: सकाळी १०.२० ला चारही जपानी विमानवाहू नौकांच्या डेकवर विमानं इंजिनं चालू करून उभी होती, आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर ती उडाली असती, आणि नेमके तेव्हाच अमेरिकन डाइव्ह बॉम्बर (उंचावरून सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं) येऊन कोसळले. पण वेळापत्रक मांडून बसलो की हे जुळत नाही. मिडवे बेटावर हल्ला करून आलेली विमानं ९.१८ पर्यंत उतरत होती. त्यानंतर जेमतेम तासाभरात सगळा ताफा डेकवर कसा आला?

आणखी तीन शंका. विमानांवरचे टॉर्पेडो (पाण्यातून जहाजावर जाणारं हत्यार) काढून बॉम्ब लावायला एवढा वेळ का लागतो? अमेरिकन टॉर्पेडो विमानांनी झिरोंना, म्हणजे जपानी लढाऊ विमानांना, खाली ओढलं म्हणून डाइव्ह बॉम्बरांना वाट मोकळी मिळाली, हे कितपत खरं? आणि ही लढाई म्हणजे युद्धाचं वळण, असं डोळे मिटून म्हणायचं का?

डोलकाठी

आधी एक सावधगिरी. जपानी नौदल कुठेही असलं तरी टोकियोची वेळ पाळायचं. अमेरिकन नोंदींतली मिडवेची वेळ त्याच्या २१ तास मागे. जपानी विमानवाहूंचा सेनापती नागुमो याची पहिली १०८ विमानं उडाली ती मिडवेच्या वेळेनं ४ जूनच्या पहाटे ४.३०, जपानी कागदांत ५ जूनच्या रात्री १.३०. दोन्हीकडचे आकडे मिसळून केलेले तक्ते नेटवर ढिगानं आहेत. मी खाली सगळ्या वेळा मिडवेच्या देतोय.

आता मूळ मुद्दा. डेक भरलेला नव्हता. ती पाच मिनिटं आली फुचिदाच्या आठवणींतून. पर्ल हार्बरच्या हल्ल्याचा हा हवाई नेता मिडवेला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेमुळे उडाला नाही, अकागी या विमानवाहूवरून लढाई पाहत होता. त्याचं कथन जपानीत १९५१ साली आलं, मग इंग्रजीत गेलं आणि पुढची कित्येक दशकं सगळ्यांनी तेच उचललं.

डेकचा हिशोब बघा. हल्ल्याची विमानं डेकखालच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानं ठेवायच्या मजल्यावर, असतात. एकेक विमान लिफ्टनं वर आणायचं, ढकलत मागच्या टोकाला न्यायचं, पंख उघडायचे, रांगेत लावून चाकं अडकवायची, मग इंजिनं तापवायची. एवढ्याला पाऊण तास धरा. आणि डेकचा मागचा भाग भरला की कुठलंही विमान उतरू शकत नाही, कारण उतरायची जागा तीच.

जपानी हवाई तुकड्यांचे कारवाई-अहवाल युद्धानंतरही शिल्लक राहिले. पहाऱ्यावरच्या झिरोंची चढ-उतार त्यांत वेळेसकट आहे, आणि ती दहा वाजेपर्यंत अखंड चालू दिसते. झिरो उतरत होते म्हणजे मागचा डेक मोकळा होता. हल्ल्याची विमानं बहुतांशी खालीच, हँगरमध्ये.

तेलाची बुधली

हत्यारं बदलण्याबद्दल. बदल सगळीकडे नव्हता, हे लोक विसरतात. राखीव ताफ्यात अकागी आणि कागावर टॉर्पेडो लावलेली 'केट' विमानं होती. उरलेल्या दोन, हिर्यू-सोर्यूवर, 'व्हॅल' डाइव्ह बॉम्बर. त्रास झाला तो केटचा.

७ वाजता मिडवेवरून तिथल्या हल्ल्याचा नेता तोमोनागा याचा संदेश आला की दुसरा हल्ला हवा. ७.१५ ला नागुमोचा हुकूम सुटला: टॉर्पेडो काढा, जमिनीवर टाकायचे बॉम्ब लावा. एका केटचं काम असं. विमानाच्या पोटाखाली गाडी सरकवायची, ८०० किलोच्या वर वजनाचा टॉर्पेडो तिच्यावर उतरवायचा. टॉर्पेडोची पकड वेगळी, बॉम्बची वेगळी, म्हणून ती सोडवून दुसरी बसवायची. मग कोठारातून वर आलेला ८०० किलोचा बॉम्ब गाडीवरून आणून टांगायचा. सगळ्या विमानांना एकदम पुरतील एवढ्या गाड्या नसत, त्यामुळे काम टप्प्याटप्प्यानं. नौका हल्ला चुकवायला गरगर वळत असताना हे करायचं. सगळ्या ताफ्याला दीड तास सहज जातो.

अर्धवट काम झालं तोच टोने क्रूझरच्या टेहळणी विमानाचा संदेश आला: शत्रूची जहाजं दिसली. ७.४५ ला बदल थांबवण्याचा हुकूम. आणि त्या विमानानं 'विमानवाहू असावी' असं म्हणायला ८.२० उजाडले! तोवर मिडवेहून परतलेली विमानं डोक्यावर, पेट्रोल संपत आलेलं. हिर्यूवरचा अ‍ॅडमिरल यामागुची यानं असतील त्या विमानांनिशी ताबडतोब हल्ला करा असं सुचवलं. नागुमोनं आधी सगळ्यांना उतरवून घ्यायचं आणि केटवर बॉम्ब काढून पुन्हा टॉर्पेडो लावायचं ठरवलं.

काढलेले बॉम्ब कोठारात परत पाठवायला कुणाला सवड नव्हती. ते हँगरमध्येच पडून राहिले, शेजारी पेट्रोल भरलेली, टॉर्पेडो लावलेली विमानं. जपानी हँगर चहूबाजूंनी बंद. अमेरिकन हँगरच्या बाजू उघडता येत, त्यामुळे स्फोटाचा दाब बाहेर जाई आणि पेटती वस्तू समुद्रात ढकलता येई. अकागीला थेट लागलेला बॉम्ब एकच. तो मधल्या लिफ्टच्या कडेला डेक फोडून वरच्या हँगरमध्ये फुटला, आणि बाकीचं काम तिथल्याच मालानं केलं. माझ्या मते नागुमोच्या 'चुकीच्या निर्णया'पेक्षा हा बंद हँगर जास्त महागात पडला.

डोलकाठी

हँगरचं मान्य. पण नागुमोला तो एक तास तरी शांत कुठे मिळाला? ७.१० ला मिडवेहून ६ अव्हेंजर आणि टॉर्पेडो लावलेली ४ बी-२६. आठच्या आसपास मरीनचे १६ डाइव्ह बॉम्बर, पाठोपाठ बी-१७, मग जुनी व्हिंडिकेटर. त्यात नॉटिलस पाणबुडीचा पेरिस्कोप. यांपैकी एकाचाही नेम लागला नाही, पण दर वेळी नौका वळवायची, झिरो चढवायचे, उतरवायचे. हल्ल्याची विमानं वर आणायला सलग पाऊण तास हवा होता, तो कुणी मिळूच दिला नाही.

वाऱ्याची दिशा

टॉर्पेडो विमानांच्या बलिदानाबद्दल थोडं कडवट लिहावं लागेल.

अमेरिकन विमानवाहू हॉर्नेटवरची वॉल्ड्रनची १५ डेव्हास्टेटर टॉर्पेडो विमानं ९.२० च्या सुमारास एकटीच पोहोचली, सोबत एकही लढाऊ विमान नाही. पंधराही पडली, ३० जणांतला एकच वाचला. मग एंटरप्राइजची १४, शेवटी यॉर्कटाउनची १२. एकही टॉर्पेडो लागला नाही. त्यांचा मार्क १३ टॉर्पेडो टाकायला विमान अगदी खाली आणि संथ उडवावं लागे, आणि पाण्यात त्याचा वेग सुमारे ३३ नॉट. पूर्ण वेगातली नौका पाठ फिरवून पळू लागली की मागून येणाऱ्या टॉर्पेडोला ती गाठताच येत नाही. जपान्यांनी दर वेळी तेच केलं.

'झिरोंना खाली ओढलं' हे वॉल्ड्रनच्या तुकडीला लागू होत नाही. ती पडली आणि डाइव्ह बॉम्बर आले यांत पाऊण तास गेला. झिरो ६,००० मीटरवर साडेसात मिनिटांत चढायचा. वर जायला वेळ भरपूर होता. लागू होतं ते तिसऱ्या तुकडीला. ती दहाच्या पुढे आली, सोबत थॅचची ६ वाइल्डकॅट लढाऊ विमानं होती, आणि बहुतेक झिरो त्या एकाच बाजूला धावले. जपानी विमानवाहूंवर रडार नव्हतं, झिरोंचे रेडिओ जवळपास निकामी. वैमानिकाला डोळ्यांनी जे दिसेल तोच शत्रू. शिवाय झिरोच्या २० मिमी तोफेला नळीमागे फक्त ६० गोळ्या. त्या संपल्या की खाली उतरणं आलं.

बरं, डाइव्ह बॉम्बर तरी योजनेनुसार कुठे आले? एंटरप्राइजच्या डाइव्ह बॉम्बरांचा नेता मॅक्लस्की याला ठरल्या जागी रिकामा समुद्र दिसला. पेट्रोल संपत असताना त्यानं शोध चालू ठेवला, आणि ९.५५ ला एक विनाशिका एकटीच भरधाव जाताना दिसली: अराशी, नॉटिलसला दाबून ठेवायला मागे राहिलेली. तिच्याच दिशेनं तो गेला. तिकडे यॉर्कटाउनच्या डाइव्ह बॉम्बरांच्या, लेस्लीच्या तुकडीत बॉम्ब सज्ज करायच्या विजेच्या बटणात दोष होता. दाबल्याबरोबर बॉम्बच सुटला! स्वतः लेस्लीसकट चौघांचे बॉम्ब वाटेतच समुद्रात. तरी उरलेल्यांनी सोर्यू संपवली.

पाणकोंबडा

डेकचं आणि वेळेचं उलगडलं, आभार. मग वळणाचं काय? चार विमानवाहू एका दिवसात गेल्या, आणखी काय हवं?

गोदी क्र. १

मला वळण दोन्ही नौदलांच्या कामाच्या पद्धतीत दिसतं, आणि ते लढाईच्या आधीपासूनच. कोरल समुद्राच्या लढाईत ८ मे रोजी यॉर्कटाउनला बॉम्ब लागला. २७ मे रोजी ती पर्ल हार्बरला आली, ३० ला निघाली. तीन दिवसांत सगळं दुरुस्त होणं शक्यच नव्हतं. लढता येईल एवढंच केलं: ठिगळं मारली, लाकडाचे टेकू दिले, बाकी सोडून दिलं. तिची विमानं कमी पडली, तर साराटोगा या दुसऱ्या विमानवाहूच्या तुकड्या चढवल्या. त्याच लढाईतून जपानी विमानवाहू झुइकाकू धड परतली होती, फक्त वैमानिक कमी झाले होते. जपानी पद्धतीत हवाई तुकडी नौकेचीच मानली जाई, दुसरीची उसनी घ्यायची नाही. झुइकाकू घरीच राहिली. चाराऐवजी पाच विमानवाहू येऊ शकल्या असत्या.

दुसरी गोष्ट पेट्रोलच्या नळ्यांची. अमेरिकन विमानवाहू लेक्सिंग्टन कोरल समुद्रात बुडाली ती पेट्रोलच्या वाफेच्या स्फोटांनी. ते पाहून यॉर्कटाउनवर हल्ल्याआधी नळ्या रिकाम्या करून त्यांत कार्बन डायऑक्साइड भरायची पद्धत सुरू झाली. हिर्यूच्या विमानांचे ३ बॉम्ब लागूनही ती पेटून गेली नाही. दोन तासांत बॉयलर चालू, १९ नॉट वेग. दुपारी तोमोनागा टॉर्पेडो घेऊन आला तेव्हा ती त्याला धडधाकट दुसरीच नौका वाटली.

आता आकडे. जपानचे ३,०५७ मेले, पण त्यांत विमानातले जेमतेम ११०. निम्म्याहून जास्त वैमानिक गेले ही समजूत चुकीची. कागावरच ८११ गेले, ते बहुतांशी खलाशी आणि हँगरमधले कारागीर. ही कुशल माणसं भरून काढणं वैमानिकांइतकंच कठीण, पण त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही. वैमानिक खरे खर्ची पडले ते सॉलोमन बेटांतल्या ग्वाडलकॅनालच्या झगड्यात. ऑक्टोबर १९४२ च्या सांताक्रूझच्या एका लढाईत १४८ गेले, आणि कागदोपत्री ती लढाई जपाननं जिंकली होती!

तेलाची बुधली

थोडी पुरवणी. दोन महासागरांच्या नौदलाचा कायदा अमेरिकेनं जुलै १९४० मध्येच केला होता, त्यात १८ विमानवाहू होत्या. नव्या वर्गाची पहिली विमानवाहू एसेक्स ३१ डिसेंबर १९४२ ला नौदलात दाखल झाली. त्या वर्गाच्या पुढे एकूण २४ बांधल्या गेल्या. मिडवे हरले असते तरी त्या बांधणीला धक्का लागला नसता. मात्र ७ ऑगस्ट १९४२ ला ग्वाडलकॅनालवर मरीन उतरले ते मिडवेनंतर दोनच महिन्यांनी. मिडवेला आपल्या तिन्ही विमानवाहू गमावून अमेरिकेनं ते धाडस केलं नसतं. म्हणून 'युद्धाचा निकाल' नको, 'पुढाकार हातातून गेला' म्हणा. ऑक्टोबरअखेर पॅसिफिकमध्ये अमेरिकेकडे लढण्याजोगी एकटी एंटरप्राइज उरली होती, तीही मार खाल्लेली. तेव्हा तिथल्या कुणाला वळण घेऊन झालंय असं वाटलं असेल, याची मला शंका आहे.